वाऱ्याचा सातबारा

नाशिककर माणूस एरवी सोशिक. पण रविवारी एखादा गड चढून आला की त्याच्या अंगात कवी संचारतो. सिन्नरच्या पलीकडे, अकोले तालुक्याच्या हद्दीवर पट्टा किल्ला आहे. जालन्याच्या स्वारीनंतर 1679 साली शिवाजी महाराजांनी तिथे विसावा घेतला, म्हणून त्याचे नाव विश्रामगड. आज त्या गडाच्या आसपासच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. आमचा रविवारचा गडकरी तिथून परत येतो तो कपाळाला हात लावूनच. "गेला हो सह्याद्री! काय ते राक्षसी पंखे! डोंगराचे रूपच गेले!" असा त्याचा विलाप सोमवारी कचेरीत चहाबरोबर चालू असतो.

मी या विलापी मंडळींना एकच प्रश्न विचारतो. अहो, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एकलहऱ्याची धुरांडी पन्नासाहून अधिक वर्षे उभी आहेत. त्यांच्याकडे पाहून तुमच्यातला कवी कधी जागा झाला होता काय? आजही तिथे 210 मेगावॅटचे तीन संच आहेत, आणि त्यांच्यासाठी कोळशाच्या गाड्या दुरून येतात. एक युनिट वीज करायला साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ज्याच्या घरी महिन्याला 100 युनिट वीज लागते, त्याच्या नावाने 70 किलो कोळसा जळतो आणि वीस-पंचवीस किलो राख मागे उरते. वीजमंडळाच्या माणसाने बिलाबरोबर ही राख पोत्यात भरून दिवाणखान्यात आणून ओतली असती, तर पवनचक्कीसारखी देखणी वस्तू त्रिभुवनात नाही असे याच गृहस्थांनी शपथेवर सांगितले असते! राख एकलहऱ्याच्या आसपासच्या लोकांच्या वाट्याला जाते, म्हणून आम्हाला डोंगराच्या रूपाची चिंता करायला सवड मिळते.

दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, पवनचक्क्या ढग पळवून लावतात. 2003च्या दुष्काळाच्या सुमारास सातारा-सांगलीकडे या समजुतीने चांगलेच डोके वर काढले होते. ज्याचे पीक डोळ्यांदेखत करपते त्याने आभाळाकडे पाहून कुणाला तरी बोल लावावा, हे मी समजू शकतो. पण पावसाळी वारा हिंदी महासागरावरून हजारो मैल धावत येतो. जमिनीपासून शे-दीडशे मीटरांपर्यंत पोचणारे एक पाते त्याची वाट अडवील, हे म्हणजे उंबरठ्यावर मुंगी बसली म्हणून वरात परत गेली म्हणण्यासारखे आहे. उलट याच पावसाळी वाऱ्यावर आपल्या चक्क्यांचे पोट भरते. वर्षाची बहुतेक वीज त्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच देतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते.

इतके ऐकून माझ्या शेजारचे सुधारक गृहस्थ हर्षभरित होतात आणि म्हणतात, "मास्तर, म्हणजे तुम्ही आमच्याच बाजूचे! स्वच्छ वीज झिंदाबाद!" थांबा राव. माझे भांडण तुमच्याशीच आहे.

वीज स्वच्छ की अस्वच्छ हे नुसत्या धुरावरून ठरत नाही. ती कुणाच्या अंगणातून आली आणि तिचा पैसा कुणाच्या खिशात गेला, यावरूनही ठरते. 1921 साली सेनापती बापट मुळशीच्या खोऱ्यात सत्याग्रहाला उभे राहिले, ते कोळशाच्या धुराविरुद्ध नव्हे. मुंबईला पाण्यावरची, आजच्या भाषेत अगदी स्वच्छ, वीज हवी होती. आणि तिच्यासाठी मावळ्यांची भातखाचरे बुडायची होती. ती बुडाली. पुढे कोयनेचे धरण झाले. महाराष्ट्र उजळला, आणि कोयनेची माणसे आपल्या हक्काच्या जमिनीसाठी दोन-दोन पिढ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिली. धूर नव्हता हो त्या विजेला, पण डाग होता.

पवनचक्कीची गोष्ट याहून फार वेगळी घडली असे समजू नका. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या माळांवर चक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली. या उत्साहाचे मूळ वाऱ्यात जितके होते तितकेच आयकरात होते. 1990च्या दशकात पवनचक्कीची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा धरण्याची सवलत होती, पुढे ती 80 टक्के झाली. 2012 साली ती काढून घेतली, 2014 साली पुन्हा दिली, आणि 2017पासून 40 टक्क्यांवर आणली. ज्याला कर वाचवायचा त्याने डोंगरावर चक्की लावावी! ती किती फिरते याची काळजी त्याने का करावी? हे सरकारच्याही ध्यानात आले असावे. कारण 2009 साली, घसाऱ्याचा लाभ न घेणाऱ्यांना, प्रत्यक्ष तयार केलेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे देण्याची योजना काढावी लागली. इकडे साक्रीच्या बाजूला वनजमिनी चक्क्यांसाठी दिल्या गेल्या, आणि त्याच रानात पिढ्यान् पिढ्या कसणारे आदिवासी 2006च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या तुकड्याचा कागद मागत राहिले. कंपनीचा कागद आधी निघाला!

माझ्या वर्गात डोंगरातल्या वाड्यांवरची मुले बसतात. एकदा 'आमचे गाव' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एका पोराने लिहिले, "आमच्या डोंगरावर मोठे पंखे आहेत. ते रात्रंदिवस फिरतात. आमच्या घरातला पंखा फिरत नाही, कारण लाइट जाते." व्याकरणाची एकही चूक नव्हती. दहापैकी दहा गुण दिले. या पोराच्या बापाला त्या डोंगरावर फार तर रखवालदाराची नोकरी मिळते. सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर कब्जेदाराच्या रकान्यात त्याचे नाव नाही, इतर हक्कांतही नाही. तो नुसता बांधावर उभा आहे.

दुसरीकडे काय होते ते पाहा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड नावाचे एक छोटेसे कॉलेजचे गाव आहे. तिथल्या कार्लटन कॉलेजाने 2004 साली 1.65 मेगावॅटची स्वतःची पवनचक्की उभारली. 2006 साली गावातल्या दुसऱ्या कॉलेजानेही, सेंट ओलाफनेही, आपली चक्की उभारली. ज्याला वीज हवी त्याने चक्की आपल्याच शिवारात लावली आणि तिचे रूप रोज आपल्याच डोळ्यांनी पाहिले. डेन्मार्कात कोपनहेगनच्या समुद्रात 2000 साली 20 चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्यांची मालकी साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेकडे गेली.

"पण मास्तर, आमच्या खेड्यांजवळ एवढे भांडवल कुठून यायचे?" हा प्रश्न महाराष्ट्राने तरी विचारू नये! प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्यांच्या घरात सोन्याच्या विटा नव्हत्या. शेअरचे पैसे गोळा झाले, सरकारने हात दिला, आणि ऊस पिकवणारा कारखान्याचा मालक झाला. सहकाराचे पुढे काय झाले ते मला सांगू नका. घरात ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळीत नाही. उसाचा मालक कारखान्याचा मालक होऊ शकतो, तर ज्याच्या डोंगरावर वारा येतो तो चक्कीचा भागीदार का होऊ नये? सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे, हे ठीकच. पण भाडे म्हणजे भागीदारी नव्हे. माझी मागणी सरळ आहे: यापुढे डोंगरावर जी चक्की उभी राहील, तिच्यात गावाचा ठरलेला हिस्सा असावा, तो ग्रामसभेपुढे वाचला जावा, आणि पहिली तार त्या गावात उतरावी.

आणि आपण शहरवासीयांनी काय करावे? आधी आपल्या डोक्यावर पाहावे. नाशिकला आठ महिने लख्ख ऊन, आणि आमच्या गच्च्यांवर काय? पापड, कुरडया आणि मोडक्या खुर्च्या! 2024पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत घराच्या छपरावर तीन किलोवॅटचे पॅनेल बसवायला 78,000 रुपयांचे साहाय्य आहे. आपली गच्ची रिकामी ठेवून दुसऱ्याचा डोंगर मागायचा, आणि वर त्या डोंगराच्या रूपासाठी रडायचे, हा ढोंगीपणा आता पुरे झाला.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. जमाखर्च चोख असावा हाच त्या पूजेचा अर्थ. यंदा दाराशी दिव्यांची माळ सोडाल, तेव्हा वहीत एक रकाना आणखी आखा: हा उजेड कुणाच्या डोंगरावरून आला, आणि त्याचे आपण काय देणे लागतो? हा रकाना जोवर कोरा आहे, तोवर आपली वीज स्वच्छ आहे असे निदान त्या डोंगरातल्या पोराला तरी सांगायला जाऊ नका. त्याला हिशेब येतो.