कमरेला पिस्तूल आहे, पण सराव आहे का?

मागच्या लग्नसराईत शहाद्याकडे एका हळदीला गेलो होतो. नवरदेवाचे एक नातेवाईक आजोबांच्या पाया पडायला वाकले आणि कमरेचं पिस्तूल धाडकन फरशीवर पडलं. होल्स्टर नव्हतंच, पँटमध्ये नुसतं खोचलेलं. शेजारी दोन पोरं फुग्याशी खेळत होती. आजूबाजूचे आम्ही दहा-बारा जण एकदम गप्प. साहेबांनी ते उचललं तेही बोट थेट ट्रिगरवर ठेवून. वर हसून म्हणाले, "काही नही व्हत भाऊ, लॉक शे!"

त्या दिवशी काही झालं नाही हे खरं. पण 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी झालंच ना? ना भांडण, ना हल्लेखोर. त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. पायावर निभावलं हे नशीब.

मी परवान्याच्या विरोधात नाही. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे, त्याने रीतसर हत्यार जरूर बाळगावं. माझा प्रश्न साधा आहे. दादा, पिस्तूल घेतलंत, पण ते काढायचं कसं हे कधी शिकलात का?

पोलिसांच्या गोळीबार सरावाची बातमी करायला गेलो होतो, तेव्हा एका जुन्या प्रशिक्षकांनी मला हे नीट समजावलं होतं. सराव रिकाम्या हत्याराने. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचा, गोळ्या दुसऱ्या खोलीत. डाव्या हाताने शर्ट वर घ्यायचा आणि तो हात छातीशी धरायचा, नळीसमोर कधीच नाही. उजव्या हाताची पूर्ण पकड होल्स्टरमध्येच बसली पाहिजे, मग हत्यार सरळ वर. बोट ट्रिगरच्या बाहेर, ताठ. परत ठेवताना तर अजिबात घाई नको. बघून ठेवायचं, कारण शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये अडकलं तरी गोळी सुटते. हळू करा, पण दर वेळी अगदी तसंच करा. ते म्हणाले, "घाबरलेला माणूस विचार करत नाही, हाताला जी सवय असते तेच करतो."

आणि ही फक्त शिस्तीची गोष्ट नाही, कायदाही आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण सांगितलंय. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. म्हणजे शर्ट मुद्दाम वर करून सेल्फी काढणं हा रुबाब नाही, नियमभंग आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत आनंदाच्या भरात लोकांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग अडतं कुठे? प्रशिक्षणाचा कागद फाईलला लागतो आणि विषय संपतो. संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमध्ये शस्त्र परवान्यांची झाडाझडती झाली. आपल्याकडे त्यासाठी कुणाचा जीव जायची वाट बघायची का?

माझी मागणी एवढीच. परवान्याचं नूतनीकरण करताना नुसते कागद बघू नका. पोलीस प्रशिक्षकासमोर त्या माणसाला हत्यार रिकामं करायला, काढायला आणि परत ठेवायला लावा. जमलं तर सही, नाही जमलं तर आधी शिकून या.

आणि यजमान मंडळींनो, हळदीत कुणी कमरेला लावून आला तर पाहुणा म्हणून भीड धरू नका. "आबा, हे घरी ठेवून या, मग जेवायला बसू," असं सरळ सांगा. रुसला तर रुसू द्या. फुगे घेऊन खेळणारी पोरं आपलीच आहेत.