पडीक जमीन कोणी ठरविली?

देशात सूर्यप्रकाशापासून सुमारे ७४८ गिगावॉट वीजक्षमता उभी राहू शकेल आणि त्यांपैकी ६४ गिगावॉट महाराष्ट्रात, असा अंदाज राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१४ च्या सुमारास मांडला. आकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु देशातील पडीक जमिनीपैकी तीन टक्के जमीन सौरपट्ट्यांखाली येईल, या गृहीतावर तो उभा होता. वाऱ्याचेही तेच. शंभर मीटर उंचीवर ३०२ गिगावॉट भरलेली क्षमता १२० मीटरवर ६९५ गिगावॉट झाली. देशातला वारा वाढला नव्हता. मोजमापाची अट बदलली होती.

असे अंदाज ज्या भौगोलिक माहिती प्रणालीने बांधले जातात, ती म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक नकाशे. एका थरात ऊन, दुसऱ्यात उतार, तिसऱ्यात जमिनीचा वापर, चौथ्यात वीज उपकेंद्राचे अंतर. नद्या, अरण्ये, वस्त्या वगळल्या की उरते ती ‘उपलब्ध’ जमीन. पद्धत शास्त्रीय आहे; प्रश्न आहे तो तिसऱ्या थराचा.

परभणी जिल्ह्यातील बोरीच्या परिसरात उन्हाची वाण नाही. याच जिंतूर तालुक्यात पूर्णेवर यलदरीचे जलविद्युत केंद्र आहे. तेव्हा वीजनिर्मितीही या मुलखाला नवी नाही. तथापि उपग्रहाला जे माळरान रिकामे दिसते, ते मराठवाड्यात पुष्कळदा गायरान असते. त्यावर गावची जनावरे चरतात आणि भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे, ते कसतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. परंतु ज्यांचे राबणे सातबाऱ्यावर उमटले नाही, त्यांचे ते नकाशावर कोठून उमटणार?

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, ही मागणी न्याय्यच आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा हेतूही तोच. पण त्या योजनेत खासगी जमीनमालकाला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले. शासकीय जमीन नोंदीवाचून कसणाऱ्याच्या हाती भाडे मागण्याचा कागदच नाही. दोघांवर ऊन सारखेच पडते. नोंद मात्र एकाचीच असते.

यास्तव नकाशात पाचवा थर हवा: प्रत्यक्ष वहिवाटीचा. तलाठ्याच्या दप्तरातील अतिक्रमणांची नोंदवही त्यासाठी उघडावी, नकाशा मराठीत छापून ग्रामसभेपुढे मांडावा आणि हरकती ऐकल्यावरच जागा ठरवावी. याला काही महिने अधिक लागतील, हे खरे. परंतु जमीन रिकामी आहे की नाही, हे आकाशातून पाहणाऱ्याने एकट्याने ठरवावयाचे नसते. तिच्यावर उभा असलेल्यालाही ते विचारावे लागते.