गुलाम सगळ्यात मोठा
गेल्या शनिवारी मी तिघा मित्रांना तीनशेचार हा पत्त्यांचा खेळ शिकवायला बसलो आणि अर्ध्या तासात घसा कोरडा पडला. जोडातून सत्तीपासून वरची ३२ पानं वेगळी काढली, मग गुणांची यादी घडाघडा म्हणून दाखवली : गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, अठ्ठी-सत्तीला भोपळा. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. हिशेब जुळल्याचा माझा आनंद ओसरायच्या आत एकानं विचारलं, "गुलाम राजाला मारतो? हे कुठल्या राज्यात?" आधी चारच पानं हातात, त्यावरच बोली, हुकमाचं पान पालथं ठेवायचं... इथवर येईतो दुसरा मोबाइलमध्ये शिरला होता. मग आठवलं, मामानं मला नियम कधी सांगितलेच नव्हते. आजोळच्या ओटीवर सगळ्यांची पानं उघडी मांडून तो सरळ खेळायला लागला, मी चुकलो की पान परत हातात कोंबायचा, "अरे, ही नव्वी कशाला घालवतोस? वीस गुण आहेत तिचे!" आम्हीही दोन डाव तसेच उघड्यावर खेळलो. तिसऱ्यात मी झोकात बदामचा एक्का टाकला आणि त्या मोबाइलवाल्यानं तो हुकमाच्या सत्तीनं कापला. हो, सत्तीनं! पुढच्या शनिवारची वेळही त्यानंच ठरवलीय, मला न विचारता.