पत्ता काढा, पण उत्तर स्वतःला विचारा

नोकरी बदलावी की नको? आलेल्या स्थळाला होकार द्यावा की थांबावं? भावाशी अबोला आहे, आधी फोन कुणी करायचा? अशा प्रश्नांनी डोकं भणभणलं की आजकाल अनेकजण मोबाइलवर टॅरोचं रील बघतात. ‘हा व्हिडिओ तुमच्यासमोर आलाय म्हणजे संदेश तुमच्यासाठीच आहे’ असं ऐकून क्षणभर बरं वाटतं. पण तेच रील हजारो लोकांसमोरही आलेलं असतं. मग संदेश नक्की कुणाचा?

याचा अर्थ टॅरो निरुपयोगी आहे, असं नाही. मात्र तो भविष्यासाठी नाही, तर स्वतःचं मन ओळखण्यासाठी वापरला तर जास्त कामाचा ठरतो.

खेळातले पत्ते

टॅरो प्राचीन इजिप्तमधून आला असं तुम्ही कदाचित ऐकलं असेल. प्रत्यक्षात हे पत्ते १५व्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, तेही खेळण्यासाठी. इजिप्तची कथा १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकाने मांडली आणि त्यानंतर भविष्य सांगण्यासाठी त्यांचा वापर वाढत गेला.

आज सर्वाधिक दिसणारा ७८ पत्त्यांचा संच लंडनमध्ये १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्याची कल्पना आर्थर वेट यांची, तर चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. पूर्वीच्या बहुतेक संचांमध्ये छोट्या पत्त्यांवर नुसते पेले, तलवारी, नाणी असत. पामेलाने तिथे माणसं आणि प्रसंग रंगवले. म्हणूनच ही चित्रं बघताना आपल्याला आपली गोष्ट सुचते.

आठ तलवारींचा पत्ता घ्या. डोळ्यांवर पट्टी, दोरीने बांधलेली एक स्त्री आणि आजूबाजूला जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. कुणाला त्यात सासरची बंधनं दिसतील, कुणाला कर्जाचे हप्ते. कुणाच्या लक्षात येईल की तिचे पाय मोकळे आहेत, समोर तलवार नाही. चित्र तेच आहे, पण तुमची नजर जिथे थांबली ती जागा तुमच्याबद्दल काहीतरी सांगते.

‘अगदी माझंच!’ असं का वाटतं?

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला गुण द्यायला सांगितलं. सरासरी ५ पैकी ४.२६ गुण मिळाले. गंमत म्हणजे सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता! ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ हे कुणालाही लागू पडतं. त्यामुळे दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थापेक्षा तुम्हाला स्वतःला काय सुचलं, ते जास्त मोलाचं.

घरी असं करून पाहा

● प्रश्न बदला. ‘माझं लग्न कधी होईल?’ याऐवजी ‘लग्नाच्या विषयावर मला नेमकी कशाची भीती वाटते?’ असं विचारा.

● एकच पत्ता काढा आणि दोन मिनिटं नुसता बघा. पहिल्यांदा काय दिसलं? चित्रातलं कोण तुमच्यासारखं वाटलं?

● मनात येईल ते वहीत लिहा. पुस्तकातला किंवा इंटरनेटवरचा अर्थ नंतर वाचा.

● पत्ता पाहून हायसं वाटलं की हिरमोड झाला, याची नोंद करा. चिठ्ठी उचलताना ‘हीच निघू दे’ असं मनात येतं ना? तसंच हे आहे. हिरमोड झाला, तर तुम्हाला काय हवं होतं ते कळलं.

● मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत बसू नका. त्याने गोंधळ वाढतो.

● शेवटी या आठवड्यात करता येईल अशी एक छोटी गोष्ट लिहा.

इथे मात्र थांबा

आजारपण, औषधं, कोर्टकचेरी, गुंतवणूक यांचा निर्णय पत्त्यांवर सोपवू नका. त्यासाठी डॉक्टर, वकील, जाणकार आहेत. सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. मृत्यूचा पत्ता निघाला तरी घाबरू नका, टॅरोमध्येही त्याचा अर्थ सहसा एखादा टप्पा संपून नवा सुरू होणं असाच घेतात. आणि पत्ता दाखवून ‘मोठं संकट आहे, उपायाला इतके हजार लागतील’ असं कुणी म्हणालं, तर सरळ उठून या.

आज रात्री फोन बाजूला ठेवून दहा मिनिटं काढा. टॅरोचा संच नसेल तर घरातलं एखादं चित्र किंवा जुना फोटोही चालेल. समोर ठेवा, प्रश्न विचारा आणि पहिलं वाक्य खोडाखोड न करता लिहा. ते कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.