भुताला वय विचारा

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पाण्याची टंचाई दर उन्हाळ्यात पडते. भुतांची टंचाई पडल्याचे मात्र कधी ऐकिवात नाही. विहिरीत गिऱ्हा, पिंपळावर मुंजा, वेशीवर वेताळ आणि रानवाटेवर चकवा, अशी त्यांची वतने गावोगाव ठरलेली. तेव्हा इथल्या कॉलेजातल्या पोरांनी भुताचा सिनेमा काढला, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या तिघांनी बारा मिनिटांचा भयपट तयार केला, त्याचा दीड मिनिटाचा ट्रेलर कापला आणि मला विचारले, "सर, ह्याच्यावर कुठल्या वयाचा शिक्का मारू? 'ए' टाकला तर जास्त लोक बघतील ना?"

सारी मेख या प्रश्नात आहे. वयाचा शिक्का ही घरातल्या वडीलधाऱ्यांना दिलेली सूचना. तिचे आपण दुकानावरचे तोरण करून टाकले! दारूच्या बाटलीवरचा इशारा वाचून कुणी जास्त पिऊ लागावे, तशातली ही गत.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने 'यू' आणि 'ए' असे दोनच वर्ग केले होते. १९८३ पासून मध्ये 'यूए' आला. २०२३ च्या दुरुस्तीने या 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन तुकडे केले. पण गंमत अशी की, या तीन आकड्यांची अंमलबजावणी आईबाप किंवा पालक यांच्याखेरीज दुसऱ्या कुणी करायची नाही, हेही त्याच दुरुस्तीने सांगून टाकले. 'ए'च्या खेळाला थिएटरचा दारवान पोराला अडवील. 'तेरा'च्या खेळाला तो अडवणार नाही. इंटरनेटवरच्या मालिका-चित्रपटांसाठी २०२१ चे नियम आहेत. त्यांत वय ठरवताना भयाचा विचार वेगळा करा असे स्पष्ट म्हटले आहे. पण ठरवायचे ज्याचे त्याने. आणि पोरांनी स्वतःच्या खात्यावरून यूट्यूबवर चढवलेल्या ट्रेलरला तर सेन्सॉर मंडळाचा उंबरा ओलांडावाच लागत नाही. म्हणजे कर्ता तोच, परीक्षक तोच आणि गुण देणाराही तोच! जिथे दारवान नाही, तिथे घरमालकाने अधिक जागे राहायचे असते.

यावर दोन पक्ष भांडायला उभे राहतात. एक म्हणतो, मुलांना भीती नकोच; असले सिनेमे बंद करा. या सज्जनांना मी रत्नाकर मतकरींची आठवण देतो. ज्या हाताने मतकरींनी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या, त्याच हाताने 'अलबत्त्या गलबत्त्या'तली चेटकीण उभी केली, आणि दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली तेव्हा पोरे घाबरली आणि खदखदा हसलीही. कोणत्या वयाला किती भीती पेलते याचे माप त्या लेखकाच्या हातात होते. भीती हे विष नव्हे. ते मीठ आहे. मीठ बंद करा म्हणणारा आणि मूठभर टाकणारा, दोघेही स्वयंपाकघरात नकोत.

हे माप सरकारी तराजूलाही नेहमी साधते असे नाही. राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा 'तुंबाड' पाहा. नाव आमच्या खेड तालुक्यातल्या गावाचे, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे घरोघर पोचलेले. कथा मात्र पेंडशांची नव्हे. माणसाचा लोभ त्याला कोणत्या गर्तेत नेतो, हे त्या भयपटाइतके स्वच्छ सांगणारे कीर्तन मी ऐकलेले नाही. पण प्रमाणपत्र 'ए'! खेडच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या तालुक्यातल्या गावाचे नाव पोस्टरवर वाचायचे आणि दारातून परत फिरायचे. सोळाचा वर्ग तेव्हा असता, तर हा प्रश्न निदान त्याच्या आईबापांच्या हाती राहिला असता.

दुसरा पक्ष म्हणतो, आजीने सांगितलेल्या भुतांच्या गोष्टी ऐकूनच आपण वाढलो. आपले काय बिघडले? अहो, पण ती आजी कुठे बसली होती? नातवाच्या उशाशी. नातू थरथरला की ती आवाज उतरवीत असे, आणि गोष्टीच्या शेवटी भूत बाटलीत बंद होत असे. ट्रेलरला मांडी नाही आणि शेवटही नाही. उलट, भीती शिगेला पोचते तिथेच तो कापायचा, हे त्याचे तंत्र. सिनेमा भीती दाखवतो आणि तिची वासलात लावतो. ट्रेलर ती उघडी टाकून निघून जातो. शिवाय सिनेमाला माणूस तिकीट काढून, मनाची तयारी करून जातो. ट्रेलर न बोलावता येतो, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, काकूच्या मोबाईलवर, सहा वर्षांची पुतणी मांडीवर असताना. म्हणून माझे ठाम म्हणणे आहे की, सिनेमाचे वय ट्रेलरला आपोआप लावू नये. ट्रेलरचे वय वेगळे मोजावे, आणि ते त्यात रक्त किती यावर नव्हे, तर तो न बोलावता कोणाच्या पुढ्यात जाऊन पडणार यावर.

आता त्या तिघांच्या ट्रेलरचा निवाडा. ओसाड घर, विहीर, पायरीवर उमटणारी ओली पावले, हे सारे तेरा वर्षांच्या मुलाने खुशाल पाहावे. रात्री एकदा दिवा लावून झोपेल, इतकेच. पण शेवटच्या चार सेकंदांत आढ्याला लटकलेली मुलगी आहे. ते भूत नव्हे. ते वर्तमानपत्रातले दुःख आहे, आणि ज्या घरात ते घडून गेले असेल त्या घरातही हा ट्रेलर पोचणार आहे. सिनेमात त्या मुलीची कथा आहे, तिथे ते दृश्य राहू द्या आणि वर सोळा लिहा. ट्रेलरमधून ते काढा आणि तेरा लिहा. काढवतच नसेल, तर ट्रेलरवरही सोळाच लिहा, आणि शेवटी बारीक अक्षरांत नव्हे, पहिल्याच क्षणाला, मराठीत, मोठ्याने. मंडळाने न दिलेल्या प्रमाणपत्राची नक्कल मात्र करू नका. आपल्या शब्दांत सूचना द्या आणि तिची जबाबदारी घ्या.

त्यांतला एकजण कुरकुरला, "सर, तेरा लिहिलं तर आमचं भूत लेचंपेचं वाटेल." माझे उत्तर येथे छापतो, कारण ते साऱ्याच होतकरू दिग्दर्शकांना लागू आहे. ज्या भुताला माणसे घाबरवण्यासाठी कपाळावर 'ए' गोंदवून घ्यावे लागते, ते भूत आधीच मेलेले आहे. तुमच्या विहिरीतल्या गिऱ्ह्यात दम असेल, तर तो तेराच्या शिक्क्यानेही चाळिशीच्या मास्तराची झोप उडवील. आणि दम नसेल, तर अठराचा शिक्का त्याला जिवंत करणार नाही. फक्त एखाद्या सहा वर्षांच्या पोरीला विनाकारण रडवील.