बडोद्याचा करार आणि वैजापूरचा विद्यार्थी

सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेल्या आमच्या मुलांवर समाजसेवेची अट घालावी काय, हा वाद चळवळीत वारंवार होतो. तिकडेच राहणारा समाजद्रोही, असे काहीजण म्हणतात. हुशार मुलांच्या पायात बेडी कशाला, असे इतर म्हणतात. आम्हाला वाटते, याचे उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे.

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि त्या बदल्यात दहा वर्षे नोकरी. शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते बडोद्यात हजर झाले. विद्यार्थ्याने शब्द पाळला. बडोद्याने काय दिले? सयाजीरावांची दृष्टी मोठी होती, पण कचेरीतला शिपाई कागद लांबूनच फेकत होता. पारशी धर्मशाळेतून लाठीधारी जमावाने त्यांना बाहेर काढले. करार मोडला तो जातिव्यवस्थेने!

तरीही बाबासाहेबांनी समाजाचे ऋण नाकारले नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारकडे तरतूद मागितली. १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले. आणि १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांनी दगा दिल्याची खंत बोलून दाखवली. म्हणून आम्ही म्हणतो, बंधपत्र नको, पण जबाबदारी हवी. आणि ती दोन्ही बाजूंनी हवी.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकातील ७५ विद्यार्थी दरवर्षी निवडण्याची तरतूद आहे. धर्मांतराची घोषणा झालेले येवले वैजापूरला लागूनच आहे. पण वैजापूरच्या वस्तीतल्या मुलाला इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हे कोण सांगणार? शिष्यवृत्ती नंतर मिळते, प्रवेश मात्र आधी मिळवावा लागतो. इथेच आमची मुले गळतात.

तेव्हा शिकून आलेल्याला शासनाने आपल्याच तालुक्यात वर्षभराची सन्मानाची पाठ्यवृत्ती द्यावी. कायदा शिकलेल्याने गायरानाचे दावे पाहावेत. पाण्याचे शास्त्र शिकलेल्याने नांदूर-मधमेश्वर कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत कसे जाईल ते पाहावे. आणि प्रत्येकाने वसतिगृहातील निदान पाच मुलांचे अर्ज भरून द्यावेत. जो परत येऊ शकत नाही, त्याने तिथून फोनवर तरी मार्गदर्शन करावे.

पण शासनाची नियत काय आहे? केंद्राने २०२२ मध्ये आपल्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास व समाज हे अभ्यासविषय वगळले. म्हणजे समाजाची सेवा करा, पण समाज समजून घेऊ नका! जातीचा अभ्यास कोलंबियात झाला म्हणून तर जातीवरचा सर्वात मोठा घाव घालता आला. बांधवांनो, हा डाव ओळखा. आणि आपल्या घरातून पहिला गेलेला मुलगा दुसऱ्यासाठी दार उघडे ठेवतो की नाही, हा हिशेब सरकारला विचारण्याआधी स्वतःला विचारा.