वय पाहावे की अवस्था?

30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या रंगाची 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी नियमानुसार निवृत्त झाली. अखेरच्या टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या दिवशी वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, नागरिकांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला. परंतु टॅक्सी संपली म्हणून गाडी संपली असे झाले नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत, वाड्यांच्या अंगणात, सोसायट्यांच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या पद्मिनी आणि अँबेसेडर सुट्टीच्या दिवशी उघडल्या जातात, त्यांचे पत्रे तासले जातात, इंजिने खोलली जातात. हे काम वर्षानुवर्षे चालते. ते करणारे बहुधा संस्थानिक वा उद्योगपती नसतात; नोकरी करणारी, मोजून खर्च करणारी माणसे असतात. त्यांच्या या छंदाकडे समाज कौतुकाने वा उपहासाने पाहतो. कायदा मात्र संशयाने पाहतो. ही दृष्टी कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावयास हवा.

या गाड्यांचे आपल्या आर्थिक इतिहासात एक निश्चित स्थान आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट ही गाडी बाहेर पडू लागली आणि 1974 मध्ये तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. 2000 सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबेसेडर 2014 पर्यंत टिकली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 येईपर्यंत भारतीय ग्राहकापुढे निवड जवळजवळ नव्हतीच. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळालेली गाडी जन्मभर जपावयाची, हा तेव्हाचा व्यवहारच होता. आजचे छंदिष्ट त्याच सवयीचे वारस आहेत.

हिशेब आणि समाधान

या छंदाचे समर्थन करताना पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, की ही गुंतवणूक नव्हे. सामान्य जुन्या गाडीवर पत्र्याचे काम, इंजिनाचे बोअरिंग, रंग आणि आसने यांसाठी होणारा खर्च ती विकून परत येईल, अशी आशा धरणे व्यर्थ आहे. शिवाय या व्यवहारात फसगतीला भरपूर वाव असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात आणि त्यामुळे चांगला माल बाजारातून हटत जातो. ज्या विवेचनाबद्दल त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, त्याचा अनुभव ताज्या रंगाखाली दडलेला गंज पाहताना कोणासही येईल. त्यातही एकदा खर्च सुरू झाला की "आता इतके घातलेच आहेत तर" या विचाराने पैशापाठोपाठ पैसा जात राहतो. बुडालेला खर्च पुढील निर्णयात धरू नये, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा. तो वर्गात जितका सोपा वाटतो तितका गॅरेजमध्ये वाटत नाही.

मग माणसे हे का करतात? गॅरी बेकर यांनी 1965 मध्ये असे मांडले, की कुटुंब हे केवळ उपभोग घेणारे नसते. बाजारातील वस्तू आणि स्वतःचा वेळ यांच्या मिश्रणातून ते समाधान उत्पन्न करीत असते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी दिखाऊ उपभोगावर कोरडे ओढले हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु काम नीट व्हावे ही मनुष्याची उपजत ओढ आहे, असेही त्यांनी 1914 मध्ये विस्ताराने लिहिले. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. दिवसभर कागदांची उलाढाल करणाऱ्या माणसाला आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांनी दिसेल आणि हाताला लागेल, अशी संधी क्वचितच मिळते. बंद पडलेले इंजिन सुरू होते तेव्हा ती मिळते. या श्रमाची राष्ट्रीय उत्पन्नात गणना होत नाही. परंतु जे मोजले जात नाही त्याला मूल्य नसते, असे मानण्याचे कारण नाही.

या कामाला शिस्तही लागते. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचा सांगाडा आणि तिचे अंग एकच. म्हणून तळाच्या पत्र्याला लागलेला गंज ही सौंदर्याची नव्हे, तर मजबुतीची बाब ठरते. आधी पत्रा, मग ब्रेक व स्टिअरिंग, मग इंजिन व वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम उलटला तर केलेले काम पुन्हा उकलावे लागते. 1089 घनसेंटिमीटरचे ते इंजिन साधे आहे. कार्ब्युरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंट यांची रचना डोळ्यांना दिसते आणि बुद्धीला समजते. परंतु साधे म्हणजे निर्धोक नव्हे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे, पेट्रोलची टाकी पूर्ण स्वच्छ केल्याविना तिला वेल्डिंग करणे, या गोष्टी जिवावर बेततात. ब्रेकचे काम तर जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणणे हा इतरांच्या जिवाशीही खेळ होय.

घरच्या माणसाला सारे जमत नाही आणि तेथेच या छंदाचा सामाजिक उपयोग दिसतो. हाताने पत्रा ठोकून मूळ आकार आणणारा कारागीर, लेथवर एखादा न मिळणारा भाग करून देणारा टर्नर, सीटची शिलाई करणारा, जुन्या बाजारात नेमका सुटा भाग ओळखणारा दुकानदार, या सर्वांची विद्या पुस्तकात नाही. नव्या गाड्यांचे भाग बदलले जातात, दुरुस्त केले जात नाहीत. त्यामुळे ही विद्या मागणीअभावी लोप पावण्याच्या मार्गावर आहे. छंदिष्टांची मागणी थोडी असली तरी ती या कारागिरांच्या हाताला काम देते आणि शिकाऊ मुलाला शिकण्याचे निमित्त देते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याला एक जुने इंजिन खोलून पुन्हा जोडू दिले, तर यंत्राची जी समज येईल ती संगणकाच्या पडद्यावरील दोषसंकेत वाचून येणार नाही.

कायद्यातील पोकळी

आता कायद्याकडे वळू. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते; पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. 1 एप्रिल 2022 पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते 10,000 रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. शिवाय 2022 च्या नियमांनी नूतनीकरणास विलंब झाल्यास मोटारीसाठी दरमहा 500 रुपये आकारण्याची तरतूद केली. पाच वर्षे घोडीवर उभ्या असलेल्या, रस्त्यावर चाकही न टेकलेल्या गाडीला केवळ विलंबापोटी 30,000 रुपये होतात. जी गाडी धूर सोडत नाही, रस्ता झिजवीत नाही, तिच्याकडून हा दंड कशाबद्दल?

दुसऱ्या बाजूला जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीला 'व्हीए' या अक्षरांची खास नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते. प्रथम शुल्क 20,000 रुपये. अशी गाडी नित्य वापरासाठी वा धंद्यासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. हा नियम स्वागतार्ह आहे, कारण जुन्या यंत्राला सांस्कृतिक मूल्य असते हे त्याने मान्य केले.

परंतु वीस आणि पन्नास यांच्या मधल्या तीस वर्षांचे काय? 1974 ची पद्मिनी 2024 मध्ये पन्नाशीला पोहोचली. 2000 सालची गाडी 2050 मध्ये पोहोचेल. तोपर्यंत आजच्याच दराने सहा वेळा नूतनीकरण, म्हणजे 60,000 रुपये, आणि कर त्याशिवाय. श्रीमंताच्या रोल्स-रॉइसला हा भार जाणवत नाही. कारकुनाच्या पद्मिनीला तो पेलत नाही. परिणामी पन्नाशी गाठतील त्या केवळ धनिकांच्या गाड्या आणि भावी पिढीला वारसा म्हणून दिसतील त्याही त्याच. ज्या गाड्यांतून मध्यमवर्गाने प्रवास केला त्यांचा मागमूस राहणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात आणि ते टाळून चालणार नाही. पहिला प्रदूषणाचा. उत्प्रेरक परिवर्तक नसलेली, कार्ब्युरेटरची गाडी एका किलोमीटरमागे एप्रिल 2020 पासून लागू असलेल्या 'भारत स्टेज सहा' मानकाच्या गाडीपेक्षा पुष्कळच अधिक घातक वायू सोडते, हे निर्विवाद आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. या गाड्यांत ना हवेच्या पिशव्या, ना आधुनिक ब्रेकप्रणाली. म्हणून जुन्या गाड्यांना सर्रास मोकळीक द्यावी असे कोणी विचारी माणूस म्हणणार नाही. रोज कामावर जाण्यासाठी वीस वर्षांची धूर ओकणारी गाडी वापरणाऱ्यास ती मोडीत काढण्यास प्रवृत्त करणे योग्यच आहे. 2021 च्या मोडीत काढण्याच्या धोरणातील सवलती त्यासाठीच आहेत. त्या धोरणानेही खासगी गाडीचे केवळ वय झाले म्हणून ती मोडण्याची सक्ती केलेली नाही. योग्यता चाचणी महत्त्वाची मानली आहे.

परंतु तत्त्व म्हणून विचार केला तर आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये मांडलेला सिद्धांत येथे मार्गदर्शक ठरतो. दुसऱ्यास जो उपद्रव होतो त्याच्या प्रमाणात कर असावा. प्रदूषण हे गाडीच्या जन्मतारखेतून होत नाही; ती किती धूर सोडते आणि किती किलोमीटर धावते, या दोहोंच्या गुणाकारातून होते. महिन्यातून दोन रविवारी फिरविली जाणारी, नीट जुळविलेली गाडी आणि दररोज शहरभर धावणारी दुर्लक्षित गाडी यांना एकच दर लावणे म्हणजे मोजमापाचा आळस होय. वयाचा नियम राबविण्यास सोपा असतो ही त्याची एकमेव जमेची बाजू. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम केली. तेव्हापासून वय की प्रत्यक्ष धूर, हा वाद शमलेला नाही, यात नवल नाही.

परदेशात यावर मध्यम मार्ग काढलेला आहे. जर्मनीत 1997 पासून तीस वर्षांवरील गाडीला, ती मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल असेल तर, 'एच' अक्षराची नोंदणी आणि ठरावीक कर अशी सोय आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाड्यांना वाहनकरातून सूट आहे. या दोन्ही देशांनी पन्नाशीची वाट पाहिलेली नाही, आणि जर्मनीने तर वयाइतकेच गाडीच्या अवस्थेला महत्त्व दिले आहे.

आपल्याकडेही पंचवीस वर्षांवरील खासगी गाड्यांसाठी 'जतन-वाहन' असा वेगळा वर्ग निर्माण करता येईल. वर्षाकाठी मर्यादित किलोमीटर, दरवर्षी धुराची आणि ब्रेकची कसून तपासणी, धंद्याच्या वापरास पूर्ण बंदी आणि या अटी पाळणाऱ्यास बेताचे शुल्क, असे त्याचे स्वरूप असावे. अटी मोडल्यास नोंदणी रद्द व्हावी. दुरुस्तीसाठी उभी असलेली गाडी 'वापराबाहेर' म्हणून नोंदविण्याची सोय असावी, म्हणजे विलंबाचा दंड चढणार नाही. यातून सरकारचा महसूल बुडणार नाही. आज नोंदणीच न करता दडवून ठेवलेल्या गाड्या उलट हिशेबात येतील.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जी व्यवस्था सुरू केली, तीत मोटारींचाही समावेश आहे. वस्तू बिघडली की फेकू नये, दुरुस्त करावी, हा विचार सरकारने एका खात्यात स्वीकारला आहे. तो परिवहन खात्यातही पोहोचला, तर सुट्टीच्या दिवशी हाताला ग्रीस लावून बसणाऱ्या हजारो माणसांना न्याय मिळेल. गाडी जुनी आहे की नाही, हे कागद पाहून कळते. ती रस्त्यावर येण्यास योग्य आहे की नाही, हे मात्र गाडी पाहिल्याखेरीज कळत नाही. कायद्याने निदान ती पाहण्याचे कष्ट घ्यावेत.